पाणी सोडलेलं नाही, बाबा

ब्रिस्बेन,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे आईला पुढचं पत्र शांतपणे वाचता येईल. पाकीट हातात पडल्यावर छातीत धस्स झालं असेल, तर तसं काही नाही. तब्येत ठणठणीत आहे, नोकरी व्यवस्थित चालू आहे, घरमालकीण जीव लावते. रोजचा दिवस कसा जातो ते तुम्हाला तोंडपाठ आहे, ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र पोचेल तोवर महालक्ष्म्या जेवून आपापल्या घरी गेलेल्या असतील. काल बंटीनं नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. तो मी तीनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा आवाज मोठा करून.

पत्र लिहायचं कारण मागच्या रविवारचं. बंटीच्या लग्नासाठी घराला रंग द्यायला काढला, लोखंडी कपाट सरकवलं आणि मागे माझ्या पोहण्याच्या टायमिंगच्या वह्या सापडल्या. बाबांनी त्यातल्या एका पानाचा फोटो पाठवला आणि मग फोनवर विचारलं, "गुड्डी, सोडल्याचं वाईट वाटते का ग तुला?" मी म्हणाले, नेटवर्क जातंय. नेटवर्क चांगलं होतं, बाबा. मला उत्तर देता आलं नाही. आई बाजूला होती, आजी कॅमेऱ्यात डोकावत होती, रंगारी मागून "काका, पुट्टी संपली" म्हणत होता. असल्या गलबल्यात सांगण्याची ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहिते आहे.

त्याआधी आईच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, नाहीतर ती पुढच्या पानावर तीच शोधत बसेल.

आई, मी थंड पाण्यात उतरत नाही. इथे आता थंडी सरते आहे, पहाटे दहा-अकरा अंश असतात, पण आम्ही लहान मुलांना शिकवतो तो तलाव बंदिस्त आहे आणि पाणी कोमट असतं. पहाटे चारला उठते हे खरं. तेव्हा तुमच्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे तू माझ्या काळजीनं जागी असतेस त्याच वेळी मी उठून चहा टाकलेला असतो. तू झोपत जा. बसमध्ये त्या वेळी भीती वाटण्यासारखं काही नसतं, नर्सेस असतात, बेकरीतली मुलं असतात. जेवण करते. भाकरी जमत नाही, पण वरण-भात, भाजी, पोळी होते. तर्रीसाठी तू दिलेला मसाला अजून अर्धा डबा आहे, तो मी पुरवून पुरवून वापरते. आणि काळी झालेली नाही. झाले असेन तर इथल्या उन्हानं झाले आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लांब बाह्यांचा टी-शर्ट घालूनच पाण्यात उतरतो, दर दोन तासांनी सनस्क्रीन लावतो. इथे त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण फार आहे, म्हणून शाळेतली पोरंसुद्धा टोपीशिवाय मैदानात जात नाहीत.

आजीनं मागे विचारलं होतं, "तिथले लोकं कसे रायते?" तिला एक गोष्ट मुद्दाम सांगा, कारण अडीच वर्षं झाली तरी माझं अजून त्या गोष्टीशी पटलेलं नाही. इथे लोक अनवाणी फिरतात. देवळात नाही, घरात नाही. रस्त्यावर, दुकानात, पेट्रोल पंपावर. मी पहिल्यांदा पाहिलं ते सुपरमार्केटमध्ये. चाळिशीचा चांगला धडधाकट माणूस, बाहेर त्याची मोठी गाडी उभी, हातात दुधाचे दोन कॅन, आणि पायात काही नाही. मला वाटलं चप्पल तुटली असेल. तेवढ्यात मागून एक बाई आली, सोबत दोन पोरं, तिघांचेही पाय उघडे. आजी म्हणेल, "काऊन वो, गरीब हायेत का?" गरीब नाहीत आजी. चप्पल गाडीत असते. घालावीशी वाटत नाही म्हणून घालत नाहीत. समुद्र जवळ आहे, हवा उबदार आहे, लहानपणापासून वाळूत आणि हिरवळीवर वाढलेले पाय आहेत, असं माझ्यासोबत शिकवणारी मुलगी सांगते. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. ती म्हणाली, "पायच तर आहेत." आणि खरी अडचण पुढे आहे. हीच माणसं त्याच पायांनी घरात शिरतात, गालिच्यावरून चालत जातात, सोफ्यावर पाय घेऊन बसतात. काही घरांत तर बूट घालून थेट स्वयंपाकघरात. आपल्याकडे टेकडी गणपतीला गेलो की चप्पल कुठे काढायची याचा विचार रस्त्यातच सुरू होतो, घरी आलं की उंबऱ्याबाहेर काढायची, मोरीवर पाय धुवायचे, मग आत. मे महिन्यात आपल्या नंदनवनच्या रस्त्यावर अनवाणी चार पावलं टाकली तर डांबर पायाला चिकटून येतं. इथे उलटं आहे, बाहेर पाय उघडे आणि आत कसेही. रस्ते स्वच्छ आहेत, काचा-खिळे नसतात, हे मान्य. मीही गेल्या जानेवारीत एकदा तलावावरून समोरच्या दुकानापर्यंत तशीच गेले. पायाला फरशी गार लागली, छान वाटलं, खोटं कशाला सांगू. पण परत आल्यावर बागेतल्या नळावर पाय धुतल्याशिवाय माझ्यानं दार उघडवलं नाही. घरमालकिणीनं ते पाहिलं आणि तेव्हापासून तिनं नळापाशी माझ्यासाठी एक टॉवेल टांगून ठेवला आहे.

पायांचं एवढं लिहिलं, कारण माझं सगळं काम पायांचंच आहे. ब्रेस्टस्ट्रोक शिकवताना मुलांना आधी काठावर बसवते. पाय पाण्यात सोडायचे. मग मी खाली पाण्यात उभी राहून एकेकाचे तळपाय हातात धरते. टाचा मागे घ्यायच्या, पावलं बाहेर वळवायची, गोल फिरवून जोडायची आणि मग थांबायचं. हे थांबणंच कोणाला जमत नाही. पाय जुळले की शरीर बाणासारखं सरळ करून पाण्याला तुम्हाला पुढे नेऊ द्यायचं असतं. पोरांना घाई असते, ती लगेच दुसरी किक मारतात आणि आहेत तिथेच राहतात. मागच्या आठवड्यात सात वर्षांच्या एका मुलीचा उजवा पाय काही केल्या बाहेर वळत नव्हता. बोटं टोकदार करून ती फ्रीस्टाइलसारखी सटकवायची. मी तिचं पाऊल धरून वीस वेळा फिरवलं. एकविसाव्यांदा मी हात काढून घेतला आणि पाय आपोआप फिरला. तिला कळलंच नाही मी सोडलं आहे ते. बाबा, तुम्हाला आठवत असेल, मलाही असंच शिकवलं होतं. तुम्ही पायरीवर पँट दुमडून, पाय पाण्यात घालून बसला होतात आणि सर माझे पाय फिरवताना तुमचे पायही पाण्याखाली फिरत होते.

इथे पोहणं हा खेळ नंतर होतो, आधी ते जगण्याचं साधन आहे. घरात पोहण्याचा तलाव असेल तर भोवती निदान १.२ मीटर उंचीचं कुंपण असावं लागतं आणि फाटक आपोआप बंद व्हावं लागतं, असा कायदाच आहे. सहा महिन्यांची बाळं आईच्या कडेवर बसून पाण्यात येतात. मला दर वेळी आपला अंबाझरी तलाव आठवतो. दर पावसाळ्यात पेपरात येणाऱ्या त्या दोन ओळी आठवतात, कॉलेजची पोरं फिरायला गेली होती आणि एकाचा पाय घसरला. आजीला पाण्याची भीती त्यामुळेच. तिला सांगा, मी त्याच भीतीवर काम करते आहे.

आता वहीबद्दल.

बाबा, तुम्हाला १२ ऑगस्ट २००८ ची सकाळ आठवते? आदल्या दिवशी अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं होतं आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. मी अकरा वर्षांची होते. शाळेचा युनिफॉर्म घालून, एक पाय बुटात आणि एक बाहेर अशी टीव्हीसमोर बसले होते, कारण बीजिंगला मुलींची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची फायनल होती. ऑस्ट्रेलियाची लिसेल जोन्स चौथ्या नाही, पाचव्या नाही, पहिल्या क्षणापासून पुढे होती. १ मिनिट ५.१७ सेकंद. दुसऱ्या क्रमांकाची रेबेका सोनी दीड सेकंदाहून जास्त मागे होती. तुम्ही माझ्या हाताला धरून म्हणालात, "पाह्य, पाह्य, तिचं डोकं पाह्य, वर येते पण पाणी सोडत नाही." रिक्षावाले काका बाहेर हॉर्न वाजवत होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपला वीरधवल खाडे होता, ब्रेस्टस्ट्रोकला संदीप सेजवाल होता. पण मला घरी हवा होता तो फोटो लिसेलचा, आणि तुम्ही तो पेपरातून कापून वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं चिकटवलात.

तिची गोष्ट तुम्ही मला तेव्हा निम्मीच सांगितली होती, कारण निम्मी अजून घडायची होती. सिडनीला २००० साली १०० मीटरचं रौप्य मिळालं तेव्हा तिला १५ वर्षं पूर्ण होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. अथेन्सला २००४ मध्ये तिनं सोनं घ्यावं असं सगळा देश धरून बसला होता आणि तिला कांस्य मिळालं. दुसऱ्या आलेल्या तिच्याच देशाच्या ब्रुक हॅन्सनपेक्षा ती शंभरावा भाग मागे होती. सेकंदाचा शंभरावा भाग, बाबा. आणि व्यासपीठावर तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं म्हणून इथल्या पेपरांनी तिला वाट्टेल ते बोलून घेतलं. तुम्ही मला ते उदाहरण द्यायचे. मी अमरावतीला दुसरी आले आणि रडवेली झाले तेव्हा म्हणालात, "हरलो तरी हसून हात मिळवायचा, नाहीतर लोकं तेच लक्षात ठेवते." मी हसले होते. मग परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून कोंढाळीपर्यंत रडले. तुम्हाला वाटलं मी झोपले आहे.

पुढची निम्मी गोष्ट मला इथे येऊन कळली. मी आले त्या वर्षी सोबतच्या मुलीच्या गाडीत रेडिओ लागला होता. एक बाई मोकळेपणानं हसत, टोले हाणत बोलत होती. मैत्रीण म्हणाली, ही लिसेल जोन्स. मी गाडीत गप्पच झाले. ज्या बाईला हसली नाही म्हणून झोडपलं होतं, ती लोकांना हसवायचं काम करत होती. त्यानंतर मी तिचं आत्मचरित्र मिळवून वाचलं. चार ऑलिम्पिक पोहणारी ती पहिली ऑस्ट्रेलियन जलतरणपटू, नऊ ऑलिम्पिक पदकं, त्यांतली तीन सुवर्ण. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १ मिनिट ५.०९ चा जागतिक विक्रम. आणि २०१२ मध्ये चौथ्या ऑलिम्पिकला लंडनला पोचली, तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच तिच्या वजनावर पेपरात फोटो आणि चर्चा. ती तिथे १०० मीटरला पाचवी आली, रिलेत रौप्य घेऊन परतली, आणि नोव्हेंबरमध्ये २७ व्या वर्षी निवृत्त झाली. त्या दरम्यानच्या काळात ती नैराश्यात होती. लंडनच्या आदल्या वर्षी स्पेनमधल्या सराव शिबिरात जीव देण्यापर्यंतचे विचार मनात आले होते, असं तिनं स्वतः लिहिलं आहे. आई, घाबरू नकोस. हे तिचं आहे, माझ्या मनात असलं काही कधी आलं नाही, देवाशप्पथ. मी हे लिहिलं ते एवढ्यासाठी, की जगात सगळ्यांत चांगलं पोहणाऱ्या बाईलाही थकवा आला होता आणि तो तिनं लपवला होता.

मी पण लपवला होता.

बाबा, तुम्ही पाठवलेलं पान २०१९ चं आहे. राज्य स्पर्धा, २०० मीटर. तुमच्या अक्षरात दर पन्नास मीटरचे चार आकडे आहेत: ३९.२, ४३.६, ४४.९, ५१.८. आणि शेवटच्या आकड्यापुढे कंसात "गुडघा". एकूण २ मिनिटं ५९.५. माझं चांगलं टायमिंग २:५२ होतं हे त्याच वहीत आधीच्या पानावर आहे. तुम्ही तेव्हा काही विचारलं नाही. रात्री मालिश करून दिलीत आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलंत.

गुडघा दुखत होता हे खरं आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर फिरवताना गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो, वर्षानुवर्षं रोज हजारो वेळा. डॉक्टर लोक त्या दुखण्याला ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा असंच म्हणतात. पण त्या दिवशी तेवढंच नव्हतं. तिसऱ्या वळणावर मी दोन्ही हात एकदम टेकवले, पाय भिंतीला लावले, आणि पाण्याखाली सरळ होऊन जात असताना मला वाटलं, आता बस. दुखलं म्हणून नाही. त्या शांततेत मला कोणी काही म्हणत नव्हतं, आणि वर आले की पुन्हा सगळे म्हणणार होते. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली राहिले. वर आले तेव्हा दोघी पुढे गेल्या होत्या. मी जोर लावला असता तर तिसरी आले असते. मी लावला नाही. चौथा पन्नास मी पोहायचं म्हणून पोहले, शाळेनंतर उन्हाळ्यात पोहायचो तसं.

त्याच सकाळी शिबिरातल्या एका सरांनी सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून माझं वजन मोठ्यानं वाचलं होतं आणि म्हटलं होतं, अशानं पोरगी तरंगेल, पोहणार नाही. मुलं हसली. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्यांच्याशी भांडला असता आणि पुढच्या निवडीत ते निघालं असतं. पण सगळा दोष त्या माणसावर टाकला तर तेही खोटं होईल. मी आधीपासूनच दमले होते. हुडकेश्वरचा प्लॉट २०१५ साली विकून तुम्ही मला चौदा महिने बाहेर ट्रेनिंगला ठेवलं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाहीत. पण प्रत्येक लॅपला मला तो प्लॉट दिसायचा. कडेची ती दोन निंबाची झाडं, विटांची खूण. मी २:५२ वरून २:५० वर आले नाही की वाटायचं, आणखी थोडी जमीन गेली. हे तुम्ही मला वाटायला लावलं नाहीत. ते मीच मनाशी मांडत बसले.

म्हणून बाबा, तो कंस अर्धाच खरा आहे. सहा वर्षं तुम्ही नातेवाइकांना सांगत आलात, पोरीचा गुडघा गेला, नाहीतर राष्ट्रीय पदक ठरलेलं होतं. दर वेळी मी तिथे उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला शरम वाटते. सोडल्याची नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वाईट वाटतं का? शर्यतीचं नाही वाटत. पहाटे पावणेपाचला नंदनवनहून स्कूटरवर तुमच्या पाठीला चिकटून, शालीत डोकं खुपसून जायचो, ते गेल्याचं वाटतं. तुमच्या स्वेटरला चाव्या अडकवलेल्या असायच्या आणि त्या माझ्या कपाळाला टोचायच्या. परत येताना बर्डीला पोहे, तुमची तर्री तिखट, माझी कमी. ते मला कुठलंही शहर परत देणार नाही. पण पाण्याचं म्हणाल तर मी ते सोडलेलं नाही. काका म्हणतात, त्या पोरीपायी प्लॉटवर पाणी सोडलं. त्यांना सांगा, मी रोज तीस मुलांना पाण्यात सोडते आणि तीसच्या तीस बाहेर काढते. रविवारी माझ्यासाठी म्हणून ५० मीटरच्या उघड्या तलावात जाते. घड्याळ लावत नाही. पाय जुळले की थांबते, आणि पाणी जितकं पुढे नेईल तितकं जाऊ देते.

आईला तेव्हापासून वाटतं की मी खेळाडूंच्या ५ टक्के राखीव जागांतून सरकारी नोकरीची परीक्षा द्यायला हवी होती, वीरधवल तहसीलदार झाला तशी. आई, तो ऑलिम्पिकला गेलेला मुलगा आहे, त्यानं एशियाडमध्ये पदक आणलं आहे. माझं प्रमाणपत्र त्या तोलाचं नव्हतं. आणि नोकरी करत पोहता येत नाही असं कोणी म्हणालं तर कांचनमाला पांडेंचं नाव सांगत जा. डोळ्यांनी दिसत नसताना, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून, २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा स्पर्धेचं सुवर्ण आणलं. आपल्या नागपुरातल्या किती लोकांना ते माहीत आहे? मी इथे माझ्या वर्गातल्या पोरांना सांगते.

आता पैशांचं. शिक्षणाच्या कर्जाचे चार हप्ते राहिले, फेब्रुवारीत संपतील. ५०,००० रुपये मंगळवारी बाबांच्या खात्यात टाकले आहेत, ते रंगाला किंवा मांडवाला नाहीत, बाबांच्या मोतीबिंदूला आहेत. मागच्या वेळेसारखे परत पाठवू नका. लग्न झाल्यावर बघू असं म्हणू नका, दिवाळीआधी एक डोळा तरी करून घ्या. प्लॉटचं मी बोलत नाही म्हणजे विसरले असं नाही. हुडकेश्वरला आता तो भाव परवडणार नाही, पण तुमच्या नावावर काहीतरी व्हावं म्हणून वेगळं खातं उघडलं आहे. त्यात थोडंच आहे अजून. किती ते विचारू नका.

बंटीच्या लग्नाला मी येते आहे. पण आई, रागावू नकोस, सुट्टी नऊच दिवसांची मिळाली. डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, तेव्हाच मुलं शिकायला सगळ्यांत जास्त येतात. मी हळदीच्या दिवशी दुपारी पोचेन. बांगड्या भरण्याला, रुखवताच्या तयारीला मी नसेन. थोरल्या बहिणीनं हजर राहायचं ते सगळं वहिनीच्या माहेरचे करतील आणि मी पाहुणीसारखी येईन, हे मला माहीत आहे. बंटीला मी वेगळं लिहिलं आहे. तो म्हणाला, ये तर सही. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आणि थोरली बसली आहे नि धाकट्याचं उरकताहेत, असं जे आत्या म्हणाली, ते ऐकून तू मुहूर्त पुढे ढकलायचा विचार करू नकोस. ढकललास तर मला जास्त त्रास होईल. त्रिमूर्तीनगरचं स्थळ, मेलबर्नचा मुलगा, त्याच्याशी मी एकदा फोनवर बोलले. चांगला बोलतो. त्याच्या आईनं तुला विचारलं म्हणे, लग्नानंतरही ती पोहण्याच्या कपड्यांत शिकवणार का. तू "बघू" म्हणालीस. आई, पुढच्या वेळी बघू म्हणू नकोस, हो म्हण. त्यावर त्यांचं नाही आलं तर ते आत्ताच येऊ दे. मुलाला मी स्वतः सांगितलं आहे. तो म्हणाला मला पोहता येत नाही, शिकवशील का. ऑक्टोबरात तो ब्रिस्बेनला येणार आहे, तेव्हा भेटेन. हे कोणाला सांगू नकोस, आत्याला तर मुळीच नाही. काही ठरलेलं नाही.

बाबा, तुम्ही हे वाचून दोन दिवस बोलणार नाही, मला माहीत आहे. दोन दिवस चालेल. रविवारी फोन मात्र तुम्हीच करा. ओरडायचं असेल तर ओरडा, मी नेटवर्क जातंय म्हणणार नाही. वह्या रद्दीवाल्याला देऊ नका, कुरिअरनंही पाठवू नका. कपाटामागे पुन्हा ठेवलंत तरी चालेल, मी डिसेंबरात काढून घेईन.

आजीला दंडवत. बंटीला आशीर्वाद.

तुमची,
गुड्डी

ता. क. आई, आंबिलीचं प्रमाण लिहून पाठव. ज्वारीचं पीठ इथे एका गुजराती दुकानात मिळालं आहे. ताक किती आणि पीठ रात्री भिजवायचं की सकाळी, ते सांग. मागच्या वर्षी गुठळ्या झाल्या होत्या. तरी मी नैवेद्य दाखवला.